आधी घटना, मग अर्थ: राजकीय फॉरवर्ड डेस्कवरच्या पद्धतीने कसा वाचावा

मी खानदेशातल्या एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. तालुक्यातल्या वार्ताहरांच्या कॉप्या वाचायच्या, मथळे द्यायचे आणि रात्री वेळेवर पानं सोडायची, हे काम. तिथे एक सवय लागली. हातात आलेल्या कॉपीत घटना कुठे संपते आणि अर्थ कुठे सुरू होतो, तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारायची. 'बसथांब्याजवळ दोघांना मारहाण' ही घटना. 'परिसरात सुनियोजित कट' हा अर्थ. रेघेच्या वरचं छापायचं. खालचं कोण म्हणतंय ते नावासह असेल तरच छापायचं, नाहीतर काढायचं.

निवृत्त झाल्यावर आमच्या वाचनालयात येणाऱ्यांना मी हीच पद्धत शिकवते. घरातली माणसं राजकारणावरून एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. पद्धत अवघड नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एखाद्या खोट्या बातमीने माणसाचं राजकीय मत बदलतं असं मला वाटत नाही. मत घडवते ती मनात आधीच तयार असलेली गोष्ट. 'ते लोक आपल्या मुळावर उठलेत आणि वरचे त्यांना सामील आहेत,' ही गोष्ट एकदा रुजली की साथ, अपघात, आत्महत्या, निवडणुकीचा निकाल, सगळं तिचाच पुढचा भाग होऊन येतं. बाजू घेतलेली वाहिनी काही दर वेळी खोटं सांगत नाही. ती फक्त आजची घटना उचलून त्या गोष्टीत नेमक्या जागी बसवून देते. म्हणून नुसतं 'हे खरं का खोटं' विचारून भागत नाही. 'याला हा अर्थ कधी चिकटला आणि कोणी चिकटवला,' हे शोधावं लागतं.

तारखांचा कागद

कोरा कागद घ्या आणि तीन ओळी आखा. घटना कधी घडली. पहिली साधी बातमी कधी आली. राजकीय अर्थ कधी आला. मी शिकवताना नेहमी गडचिंचल्याचं उदाहरण घेते. पालघरमध्ये घडलेली ती गोष्ट देशभर पोचली, आणि तिच्या तारखा आज शांतपणे मांडता येतात.

१६ एप्रिल २०२०, गुरुवारची रात्र. टाळेबंदी सुरू होती. जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा चालक कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. महामार्ग सोडून ते आतल्या रस्त्याने गेले. डहाणू तालुक्यात, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ गडचिंचले गाव आहे. तिथे वनखात्याच्या चौकीपाशी त्यांची गाडी अडवली गेली. मुलं पळवणारे, किडन्या काढणारे, चोर रात्री फिरतात अशा अफवा त्या पट्ट्यात बरेच दिवस होत्या आणि गावोगाव पहारे बसले होते. शेजारच्या भागात एका डॉक्टरवर आणि पोलिसांवर त्याआधी हल्ला झालेला होता. जमाव जमला. पोलीस हजर असताना तिघांना ठार मारण्यात आलं. पोलिसांनी ११० जणांना ताब्यात घेतलं, त्यात ९ अल्पवयीन होते.

आता दुसरी ओळ. पुढच्या दोन दिवसांतल्या बातम्या काढून वाचा. चोर समजून तिघांची जमावाकडून हत्या, एवढंच त्यांत आहे. कुठल्याही धर्माचं किंवा पक्षाचं नाव नाही.

तिसरी ओळ १९ एप्रिलची. त्या दिवशी मारहाणीचे व्हिडिओ देशभर फिरले. एका हताश म्हाताऱ्या साधूचं ते दृश्य बघवत नाही. ज्यांचं रक्त उसळलं त्यांना मी दोष देत नाही. पण तेव्हापासून ती घटना तीच राहिली नाही. कोणी म्हणालं मुसलमानांनी मारलं, कोणी म्हणालं मिशनऱ्यांनी, कोणी म्हणालं डाव्यांनी. राज्यात त्या वेळी महाविकास आघाडीचं सरकार होतं, त्यामुळे सरकारला हे हवंच होतं असंही सांगून झालं. दुसरी बाजूही मागे राहिली नाही. गावच्या सरपंच भाजपच्या निघाल्या, तर तेवढ्यावर 'म्हणजे भाजपचाच हात' असे मेसेज सुरू झाले. सरपंचबाईंनी तर जमावाला थोपवायचा प्रयत्न केल्याचं सांगितलं होतं. ते फॉरवर्डमध्ये कुठे बसणार?

२२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नव्हता. जुलैमध्ये सीआयडीने आरोपपत्र दाखल केलं, त्यातही कारण अफवेचंच होतं.

हा कागद समोर आला की बघणाऱ्याला एक फट दिसते. १७ आणि १९ तारखेमधली ती फट. माझा सर्वांत मोलाचा सल्ला याच फटीबद्दल आहे: प्रकरण राजकारणाच्या हाती लागण्याआधीची बातमी शोधून वाचा. ती लिहिणाऱ्या वार्ताहराला उद्या याचं काय होणार हे ठाऊक नसतं. कोणाला वाचवायचं, कोणाला अडकवायचं, हे त्याच्या डोक्यात आलेलं नसतं. ठाणे अंमलदाराने फोनवर जे सांगितलं ते तो लिहितो. त्यात आकडा चुकेल, नाव चुकेल, पण हेतू शिरलेला नसतो. गुगलवर शोधताना 'साधने' मध्ये तारखेची मर्यादा घालता येते. घटनेचा दिवस आणि दुसरा दिवस एवढ्याच तारखा घाला, गावाचं नाव टाका, आणि काय मिळतं ते बघा. जिल्हा आवृत्त्यांची ई-पेपर पानं मिळाली तर आणखी चांगलं.

तीच अफवा, दुसरं गाव

मग त्याच जातीची दुसरी घटना शोधा. हे फार कोणी करत नाही, पण डोळे यानेच उघडतात.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. सोलापूरकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. त्यांच्यातला कोणी एका लहान मुलीशी बोलताना दिसला. मुलं पळवणारी टोळी आली, अशी ओरड झाली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्या दिवसांत जे व्हिडिओ फिरत होते त्यांतला एक मूळचा कराचीचा. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. ती तिथल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला, आणि उरलेला तुकडा भारतभर फिरला.

राईनपाडा आणि गडचिंचले शेजारी शेजारी ठेवा. अफवा एकच, भाग आदिवासी, गेलेली माणसं निरपराध आणि परगावची. राईनपाड्यात मेलेलेही नाथपंथी, भगव्याशी नातं सांगणारे, दारोदार भिक्षा मागणारे. पण त्यांच्यासाठी रात्रीच्या चर्चा आठवडेच्या आठवडे चालल्या नाहीत. त्यांच्या मृत्यूत कुठल्याच तयार गोष्टीला लागणारा भाग नव्हता. मला याचं आजही वाईट वाटतं. माणूस मेला यापेक्षा तो कुणाच्या उपयोगी मेला, हे मोठं ठरलं.

एखाद्या घटनेबद्दल तुमच्या घरात आग लागली असेल तेव्हा स्वतःला हाच प्रश्न विचारा: असंच दुसरीकडे घडलं तेव्हा माझ्या वाहिनीने किती वेळ दिला होता?

आवाज आधी, मजकूर नंतर

व्हिडिओ तपासायची एक युक्ती. गडचिंचल्याच्या एका क्लिपमध्ये कोणीतरी 'मार शोएब मार' म्हणतंय, असा दावा फिरला. क्लिपवर तशी अक्षरंही टाकलेली होती. प्रत्यक्षात तिथे 'ओय बस, ओय बस' असा आवाज होता. गृहमंत्र्यांनाही तो खुलासा करावा लागला. अक्षरं वाचून मग ऐकलं की कानाला शोएबच ऐकू येतं, कारण कानाआधी डोळ्याने निकाल दिलेला असतो.

म्हणून व्हिडिओ आला की फोन उलटा ठेवून नुसता आवाज ऐका आणि काय ऐकू आलं ते लिहा. मग आवाज बंद करून चित्र बघा: पाट्या कुठल्या लिपीत आहेत, गाड्यांचे नंबर कुठले, माणसांचे कपडे, पाऊस आहे की ऊन. मजकूर सर्वांत शेवटी वाचा. स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सला द्या. चित्र जुनं असेल तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. फॉरवर्डवर दोन बाण दिसले तर तो पुष्कळ हातांतून आलेला आहे. २०१८ च्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या हत्यांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

आपल्या बाजूची अफवा

इथे वाचनालयात नेहमी कुजबुज होते. सत्तेतल्या पक्षाच्या समर्थकांना वाटतं बाई विरोधकांच्या आहेत, विरोधकांना वाटतं आता बाई आपल्याकडे वळल्या. म्हणून दुसरं उदाहरण मुद्दाम देते.

४ जून २०२४ ला मुंबई वायव्य मतदारसंघात शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. इतका निसटता निकाल म्हटल्यावर संशय येणारच. काही दिवसांनी मुंबईतल्या एका इंग्रजी दैनिकात बातमी आली, की मतमोजणी केंद्रात उमेदवाराच्या नातेवाइकाकडे असा फोन होता ज्यावरच्या ओटीपीने ईव्हीएम उघडतं. बातमी क्षणात सगळीकडे गेली. मोठमोठ्या नेत्यांनी उचलली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी स्पष्ट केलं, की मतदान यंत्राला ओटीपी लागत नाही, ते कशालाच जोडलेलं नसतं. दैनिकाने दुरुस्ती छापली. केंद्रात मोबाइल गेला कसा, हा खरा आणि गंभीर प्रश्न होता, त्यावर गुन्हाही नोंदला गेला होता. पण ओटीपीच्या गोंगाटात तो बुडाला. अफवेने होणारं हेही एक नुकसान: ती खऱ्या प्रश्नाची जागा खाते.

त्याच वर्षी विधानसभेच्या निकालानंतर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते थांबवावं लागलं. गावकऱ्यांची शंका मी मूर्खपणाची म्हणणार नाही. मत कुठे गेलं हे विचारायचा हक्क मतदाराचाच आहे. पण शंका आणि कटाची गोष्ट यांत फरक कसा करायचा? माझी कसोटी अशी: 'काय दाखवलं तर तुमचं समाधान होईल?' शंका असणारा माणूस उत्तर देतो. म्हणेल, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रातून निघणाऱ्या कागदी चिठ्ठ्या मोजून दाखवा. निवडणूक आयोगाने २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, अशा १,४४० व्हीव्हीपॅट यंत्रांतल्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या आणि तफावत आढळली नाही असं सांगितलं. त्यावर तो म्हणू शकतो, पाच यंत्रं पुरेशी नाहीत, आणखी मोजा. हा वाद योग्य आहे. कटाच्या गोष्टीत अडकलेला माणूस म्हणतो, 'तफावत आली नाही, यावरूनच कळतं किती हुशारीने केलंय.' जिथे विरुद्ध पुरावाही बाजूचा पुरावा होतो, तिथे मी मुद्द्यावरचा वाद थांबवते.

कट कधी नसतातच असंही समजू नका. तेलगीचा मुद्रांक घोटाळा खराच होता आणि त्यात पोलीस अधिकारीही अडकले. खऱ्या कटाचा तपास पुढे सरकतो तसा तो नेमका होत जातो: कोणता छापखाना, कोणतं यंत्र, कोणत्या खात्यात पैसे. खोट्या कटाचं उलट होतं. तो दर महिन्याला पसरतो, त्यात नवे शत्रू येतात आणि तपशील पातळ होत जातो.

सहा महिन्यांची वही

दोनशे पानी वही ठेवा. जो दावा ऐकून छातीत धडधड झाली तो तारखेसह लिहा, आणि मोबाइलमध्ये सहा महिन्यांनंतरचं स्मरण लावा. खुलासा नेहमी उशिरा येतो. तोवर गोष्ट मनात मुरलेली असते आणि खुलाशाची बातमी आतल्या पानावर असते.

माझ्या वहीतल्या नोंदी सांगते. नोव्हेंबर २०१६: दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे, जमिनीखालूनही सापडेल. रिझर्व्ह बँकेने असं काही नसल्याचं सांगितलं. मे २०२३ मध्ये ती नोटच चलनातून मागे घ्यायची घोषणा झाली. मार्च-एप्रिल २०२०: तबलिगींनी मुद्दाम कोरोना पसरवला. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या प्रचारावर कडक शब्दांत बोट ठेवलं. मधल्या पाच महिन्यांत कोणाकोणाची भाजीची गाडी गल्लीतून हाकलली गेली, हे निकालात येत नाही. जून २०२०: सुशांत सिंह राजपूतचा खून. रोज रात्री नवा आरोपी, बिहारच्या निवडणुकीत त्याच्या नावाची पोस्टरं. सीबीआयने तपास बंद करत असल्याचा अहवाल मार्च २०२५ मध्ये दिला.

वही भरली की कोणती वाहिनी किती वेळा चुकली हे आपोआप दिसतं. मला कोणाला पटवावं लागत नाही.

एक महिना अदलाबदल

अमेरिकेत डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या अभ्यासकांनी सप्टेंबर २०२० मध्ये फॉक्स न्यूज नेहमी पाहणाऱ्या काही लोकांना पैसे देऊन महिनाभर सीएनएन पाहायला लावलं. त्यांच्या निष्ठा उलटल्या नाहीत. पण काही प्रश्नांवरची मतं सरकली, आणि आपली वाहिनी आपल्यापासून काही लपवते हे त्यांना जाणवलं. पैसे थांबल्यावर ते जुन्या वाहिनीकडे परतले आणि परिणामही ओसरला. यावरून मी दोन गोष्टी घेतल्या. वाहिनीची ताकद ती काय सांगते यापेक्षा काय वगळते यात जास्त आहे. आणि हा उपाय एकदा करून संपणारा नाही.

घरी पैसे कोण देणार? पण दोन वर्तमानपत्रांची अदलाबदल शेजाऱ्याशी करता येते. तुमच्या मताविरुद्धचं दैनिक महिनाभर घ्या. अग्रलेख वाचू नका, त्याने फक्त डोकं तापतं. पान दोन ते पाच वाचा. तुमच्या पेपरात जी बातमी आलीच नाही तिच्यावर खूण करा.

घरात बोलताना

माझे मोठे दीर निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांचे फॉरवर्ड पहाटे पाचला सुरू होतात. ग्रुपवर सगळ्यांसमोर मी त्यांना कधीच खोडत नाही. चारचौघांत खोडलेला माणूस मत बदलत नाही, ग्रुप बदलतो. मी फोन करते.

'भाऊजी, सकाळचा तो व्हिडिओ कोणी पाठवला तुम्हाला?'
'आपल्या त्या देशपांड्यांनी. का गं?'
'त्यांना कुठून आला?'
'ते नाही विचारलं.'
'विचारता का? मला गावाचं नाव हवंय. गाव कळलं की तिथल्या वार्ताहराला विचारता येईल.'

यात 'खोटं आहे' असं मी कुठे म्हटलं नाही. शिक्षकाला तपासायचं काम दिलं, आणि ते काम ते आयुष्यभर करत आले आहेत. निम्म्या वेळा गाव सापडत नाही, आणि तो मेसेज पुढे जात नाही. खुलासा पाठवायचा झाला तर त्यात मूळ खोटा दावा पुन्हा मोठ्या अक्षरात लिहू नका. पुन्हा पुन्हा वाचलेलं वाक्य खरं वाटू लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. काय घडलं ते पहिल्या ओळीत लिहा, दावा दुसऱ्या ओळीत थोडक्यात.

भीतीलाही उत्तर द्या. 'मुसलमान', 'ब्राह्मण', 'मराठे', 'परप्रांतीय' अशा कुठल्याही नावाने येणाऱ्या मेसेजच्या खाली बहुतेक वेळा नोकरीची, जमिनीची किंवा पोरांच्या सुरक्षिततेची काळजी असते. ती काळजी खरी असते. तिच्याबद्दल दहा मिनिटं बोला, मेसेजबद्दल दोन.

तपासायला वेळच नसेल तेव्हा

वरचं सगळं सोफ्यावर बसून करायचं काम आहे. पण 'आपल्या गावात आत्ता पोरं पळवणारे आलेत, पांढरी गाडी आहे' असा मेसेज आला तर कागद-पेन्सिल घेऊ नका. ११२ लावा. पोलीस पाटलांना फोन करा. गाडीतल्या माणसांना खोलीत कोंडू देऊ नका, उघड्यावर चार ज्येष्ठ माणसांच्या मध्ये बसवा, पाणी द्या, आणि बायकांना पुढे उभं करा. ग्रुपवर एवढंच टाका: 'पोलिसांना कळवलं आहे, ते येत आहेत, कोणी हात लावू नये.' तुम्ही ॲडमिन असाल तर पोलीस येईपर्यंत बाकी सगळ्यांचं लिहिणं बंद करा. सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' असा पर्याय असतो. तो कुठे आहे ते आजच बघून ठेवा.